वर जाऊ देऊ नको

त्या दिवशी सकाळपासून आभाळ कुंद होतं आणि वारा अगदी पडला होता. उकाडा असा, की कोंबड्याही चोची उघड्या टाकून सावलीला बसलेल्या. अशा दिवशी पिंपळटेक नावाच्या गावात एक भोळा माणूस कॉम्प्युटरपुढं बसला होता. भागिनाथ त्याचं नाव. मनानं गाईसारखा गरीब. सांगितलेलं सगळं ऐकायचा. फक्त जसंच्या तसं ऐकायचा.

गावात रत्नाकाकूंचं वधूवर मंडळ होतं. मुलामुलींची सगळी स्थळं एका जुन्या कॉम्प्युटरच्या प्रोग्रामात. तो कॉम्प्युटर आता धापा टाकायला लागला होता. म्हणून ठरलं, तोच प्रोग्राम जावास्क्रिप्टमध्ये नव्यानं लिहायचा. म्हणजे लोक आपापल्या फोनच्या ब्राउझरमध्ये स्थळ बघतील, आणि आवडलं तर 'पसंत'चं बटण दाबतील. तालुक्याला क्लास केलेला गावात एकटा भागिनाथ. काम त्याला मिळालं. काकूंचा पुतण्या विश्राम पुण्याला हेच काम करायचा, तो फोनवरून शिकवणार होता.

काकूंची घाई मात्र वेगळीच होती. त्यांच्या वैजयंतीचंच लग्न जमत नव्हतं. लोक म्हणायचे, "गावाची लग्नं लावते, आणि घरची पोर घरात." म्हणून नव्या प्रोग्रामात पहिला फोटो वैजूचा लागला.

भागिनाथनं बटण दाबून बघितलं. पान गोठलं ते गोठलंच.

विश्राम फोनवर म्हणाला, "जुना प्रोग्राम सारखा विचारत बसायचा, बटण दाबलं का, बटण दाबलं का. ब्राउझरला ते चालत नाही. तू गप्प राहा. काही झालं की तोच हाक मारेल. हाक आली की उठायचं."

"बरं," भागिनाथ म्हणाला, आणि घरी गेला.

घरी आईनं दूध तापत ठेवलं होतं. "जरा बघ रे," म्हणून ती पाण्याला गेली. भागिनाथ गप्प बसला. आई आली तर भांड्यात साय तेवढी राहिलेली.

"मेल्या, दूध उतू गेलं!"

"त्यानं हाक नाही मारली."

"दूध हाक मारतं होय? सारखं बघत बसायचं असतं!"

"बरं," भागिनाथ म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी त्यानं प्रोग्रामाला सारखं बघत बसायला लावलं. पान परत गोठलं.

विश्रामनं कपाळाला हात लावला आणि तेवढं पुण्यातूनच स्वतः नीट करून दिलं. मग नवं दुखणं निघालं. बटण एकदा दाबलं तरी काम चारदा व्हायला लागलं.

"हे बघ," विश्राम म्हणाला, "हाक ऐकायला बटणाला कान लावावा लागतो. तू दर वेळी नवा लावतोस, जुना तसाच राहतो. एकाला एकच कान. जास्तीचा काढून टाक."

"बरं."

त्या दिवशी काकूंकडं पोह्यांची मोठी कढई घासून पालथी घातली होती. भागिनाथनं बघितलं, कढईला दोन कान. त्यानं करवत आणली. संध्याकाळी काकूंनी कढई उचलली आणि पाहुण्यांचे पोहे अंगणात.

"भाग्या, कान कुठं गेला?"

"जास्तीचा होता."

"अरे गाढवा, दोन्हीकडं कान नको? एकानं तोल कसा राहील?"

"बरं," भागिनाथ म्हणाला. रात्रीतून त्यानं प्रत्येक बटणाला दोन कान लावले, तोल राहावा म्हणून.

आता त्या बटणाची रीत अशी, की एकदा दाबलं तर पसंत, परत दाबलं तर पसंती रद्द. काकूंनी करून बघायला म्हणून आधीच चार घरी प्रोग्राम दिला होता. त्यात करंजवण्याच्या शिवदासला वैजू आवडली. त्यानं बटण दाबलं. एका कानानं ऐकलं, पसंत. दुसऱ्या कानानं ऐकलं, रद्द. बिचाऱ्यानं दिवसभर दाबलं. शेवटी मोटारसायकलवर बसून दारात आला.

"काकू, मुलगी मला पसंत आहे. तुमचं बटणच सारखं नाही म्हणतंय."

काकूंनी तिथंच गूळ वाटला. लग्न ठरलं. जास्तीचे कान विश्रामनं काढले.

लग्नाच्या दिवशी बेत असा, की माळा पडल्या की नवरदेवानं मंडपातच वैजूच्या फोटोखालचं बटण दाबायचं आणि प्रोग्रामाचं उद्घाटन करायचं. सकाळीच विश्रामचा फोन आला. गडबडीत होता.

"भागिनाथ, एक राहिलंय. खाली बटण दाबलं की ते दाबणं बुडबुड्यासारखं पार पानापर्यंत चढतं. आणि पान ऐकतं ते सगळ्या स्थळांना धाडतं. घोटाळा होईल. तिथल्या तिथं अडव. काही झालं तरी वर जाऊ देऊ नको!"

"बरं."

भागिनाथ उठला. जानवसघराशी गेला. वर आत फेटा बांधत होता. भागिनाथनं बाहेरून कडी घातली आणि दाराला पाठ लावून बसला.

मंडपात भटजी घसा खाकरून उभे. अंतरपाटाच्या अलीकडं वैजू, पलीकडं कोणी नाही. मुहूर्त टळायला आला. काकू पदर खोचून धावत आल्या. आतून शिवदास दार बडवतोय.

"भाग्या, हे काय?"

"विश्रामदादा म्हणाला, वर जाऊ देऊ नको."

"अरे मुडद्या, माझ्या पोरीचं लग्न मोडतंय! वर जाऊ दे! आत्ताच्या आत्ता जाऊ दे!"

"बरं," म्हणून भागिनाथनं कडी काढली. शिवदास एका पायात जोडा घालून मंडपाकडं पळाला. आणि भागिनाथ कॉम्प्युटरकडं. काकूंनी सांगितलं होतं. जे जे वर जात होतं, ते सगळं त्यानं वर जाऊ दिलं.

अक्षता पडल्या. माळा पडल्या. काकूंनी डोळे पुसले. शिवदासनं हसत हसत बटण दाबलं.

दाबणं फोटोवरून पानावर चढलं. पानानं ऐकलं आणि मंडळातल्या झाडून सगळ्या मुलींच्या बापांना कळवलं, की करंजवण्याच्या शिवदासला तुमची कन्या पसंत आहे.

पंगत बसली नाही तोच वेशीकडून धुरळा उठला. जीपा, टेम्पो, मोटारसायकली. प्रत्येकात एक बाप, डोक्याला फेटा, हातात नारळ. सगळे विचारतायत, "जावईबापू कुठं आहेत?"

पंगतीत भागिनाथच्या शेजारी बसलेल्या गेनूतात्यांनी हातातला लाडू खाली ठेवला. वेशीकडं बघितलं, शिवदासकडं बघितलं, मग भागिनाथच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "भागिनाथा, पळ बाबा. ने त्याला आणि ती कडी परत घाल."