लाल लोकरीच्या चांदण्या

खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथल्या एका गावात कातरीन नावाची एक शिंपीण राहत होती. नाताळ जवळ आला की त्या गावात चर्चसमोरचं सुरूचं झाड सजायचं, आणि ते सजवण्याचा मान कातरीनचा. घरोघरचे लोक तिला कापडाचे तुकडे आणि उरलेली लोकर आणून द्यायचे. ती त्यांतून कापूस भरलेले पक्षी शिवायची, गोंडे बांधायची, घंटा विणायची. प्रत्येक जण झाडाखाली उभा राहून आपल्या घरचा तुकडा शोधायचा, आणि सापडला की शेजाऱ्याला दाखवायचा.

तिच्या शेजारी रेमेद नावाची म्हातारी राहायची. तिचा नवरा ऐन तरुणपणी होडी घेऊन समुद्रावर गेला, तो परत आला नव्हता. त्याच्यासाठी विणलेला लाल मफलर रेमेदने जपून ठेवला होता. त्या वर्षी लेकीकडे जाताना तिने तो कातरीनच्या हाती दिला.

"कसरीनं एक टोक खाल्लंय. तेवढं सांधून ठेव, पोरी. बाकीच्याला हात लावू नको."

"निर्धास्त जा, मावशी," कातरीन म्हणाली.

रेमेद गेली. कातरीन झाडाच्या कामाला लागली. पण त्या वर्षी कोणाच्याच घरून लाल रंग आला नाही. पांढरं होतं, निळं होतं, विटकं पिवळं होतं. झाड तिला आजाऱ्यासारखं दिसू लागलं. पलीकडच्या गावाच्या झाडाचं कौतुक मागच्याच वर्षी तिने ऐकलं होतं, आणि ते तिच्या मनातून जात नव्हतं.

तिने मफलर मांडीवर घेतला. फाटक्या टोकाचा धागा ओढला, तो सरसर सुटत आला. अर्धा मफलर उसवून झाला तेव्हा कुठे तिचा हात थांबला. 'म्हातारीला दिसतं तरी काय,' असं तिने स्वतःला सांगितलं, आणि त्या लोकरीच्या चांदण्या विणल्या.

झाड असं खुललं की फादरसुद्धा थबकून बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी समुद्रावरून वारा सुटला. झाडावरचं सगळं गावाच्या दिशेने झुलू लागलं. खाली खेळणारी एक मुलगी म्हणाली, "बाई, लाल चांदण्या उलट्या का झुलतात?"

कातरीनने वर पाहिलं. लाल चांदण्या वाऱ्याच्या विरुद्ध, समुद्राकडे ताणल्या गेल्या होत्या. तिने त्या फांद्यांना घट्ट बांधून टाकल्या. सकाळी येऊन पाहते तर गाठी सुटलेल्या, आणि चांदण्यांतून पाणी ठिबकत होतं. दव म्हणावं तर शेजारचा पांढरा पक्षी कोरडा होता. तिने ओलं बोट जिभेला लावलं. पाणी खारट होतं. त्यानंतर ती झाडाकडे एकटी गेली नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी रेमेद परतली. कातरीन चर्चच्या पायरीवर शिवत बसली होती, तिथेच तिला गाठून म्हातारीने मफलर मागितला.

"मावशी, काय सांगू," कातरीन मान खाली घालून म्हणाली. "कसर फार लागली होती. हातात घेतला आणि भुगा झाला."

रेमेदने पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाली, "जुनाच होता म्हणा. तुझा काय दोष?" आणि झाडाला टेकून बसली.

त्याच क्षणी एका चांदणीचा धागा सुटला. तो खाली आला, म्हातारीच्या पायाशेजारून सरकला आणि अंगण ओलांडून वाळूवर लांबत गेला. एका चांदणीत इतकी लोकर नव्हती, हे कातरीनला पक्कं ठाऊक होतं. ती धाग्यामागोमाग चालत गेली. टोक लाटांच्या आत गेलं होतं, आणि धागा ताठ होता. पलीकडून कोणीतरी धरल्यासारखा तो हलकेच ओढला जात होता.

तिने धागा मुठीत घेतला. पाणी थंडगार होतं, पण धागा कोमट होता, आणि त्यात मनगटातल्या नाडीसारखं काहीतरी उडत होतं.

कमरेला कात्री होती. एकदा ती चालवली असती तर धागा पाण्यात गेला असता, चांदण्या झाडावर राहिल्या असत्या, आणि खोटंही पचलं असतं. तिने कात्री उघडली. पातं धाग्याला टेकलं, तशी ओढ थांबली. पलीकडचा जणू वाट पाहू लागला.

कातरीनच्या हातून कात्री गळून पडली. तिने तिथूनच हाक मारली, "मावशी, इकडे या. मी खोटं बोलले."

रेमेद काठी टेकत आली. कातरीनने सगळं सांगितलं, स्वतःला कुठेही न वाचवता. म्हातारीने ऐकून घेतलं आणि धागा तिच्या हातातून आपल्या हातात घेतला. बोटांनी तो चाचपला. मग समुद्राकडे तोंड करून, घरातल्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "कळलं हो. जरा दम धर. पुरा करून देते."

धागा सैल पडला.

दोघींनी झाडावरची एकेक लाल चांदणी उतरवून उसवली. उरलेला अर्धा मफलर कातरीनने घरून आणला आणि तिथेच वाळूवर बसून पुढे विणायला घेतला. रेमेद तिला धागा सोडत राहिली. आत चर्चमध्ये गाणी चालू होती. विणून झालं तेव्हा म्हातारीने मफलर एकदा गालाला लावला आणि पाण्यावर ठेवला.

भरती येत होती. लाटा किनाऱ्याकडे धावत होत्या. मफलर मात्र त्यांच्यामधून सरळ आत निघाला, वल्ह्याच्या संथ लयीत, आणि दिसेनासा झाला.

"रागावलात, मावशी?" कातरीनने विचारलं.

"रागावले. पण खोट्याला मी काय उत्तर देणार होते? आता खरं बोललीस, तर रागाला जागा तरी आहे. राग काय, जाईल."

लोक बाहेर आले तेव्हा झाड ठिकठिकाणी उघडं होतं. कोणी विचारलं, त्याला कातरीनने खरं ते सांगितलं. काही जणांनी तोंड फिरवलं. तिने ते सोसलं, आणि तिथेच बसून विटक्या पिवळ्या तुकड्यांचे पक्षी शिवायला घेतले.

या गोष्टीचं तात्पर्य आमच्याकडे असं सांगतात: विश्वासाने हाती दिलेल्या वस्तूला दुसरं टोकही असतं, आणि ते कोणाच्या तरी मुठीत असतं. आपल्याला ते दिसत नाही, म्हणून ती वस्तू आपली होत नाही.