नऊ एकांची संख्या

सागाच्या एका जंगलात एक सुतारपक्षी राहत असे. आपल्या चोचीचा त्याला भारी अभिमान होता आणि मुलांनो, खरे सांगायचे तर तो त्याला शोभतही होता. एका वठलेल्या झाडाच्या ढोलीत त्याची पिल्ले होती, अजून पंखही न फुटलेली. शेजारच्या तशाच वठलेल्या झाडात एक पोपट राहत असे. त्या उन्हाळ्यात हत्तींना नदीकडे जायला वाट हवी झाली आणि दोनपैकी एक झाड पाडणे भाग पडले. अशा वेळी त्या जंगलाची रीत ठरलेली होती. ज्याने त्याने आपल्या खोडावर एक संख्या कोरायची. ज्याची संख्या सरस, त्याचे झाड राखायचे.

पोपटाने चोचीला येतील ते आकडे भराभर कोरून वीस आकडी संख्या उभी केली. सुतारपक्ष्याने वरून खाली एकेक आकडा घोटून कोरला : १२३४५६७८९८७६५४३२१. कोटीला कोटीने गुणले तरी जे येईल ते हिच्यापुढे लहानच!

"सतराच आकडे? हरलास की रे!" पोपट खिदळला.

"तू लांबी मोजत बस. माझी संख्या घडवलेली आहे," सुतारपक्षी मान ताठ करून म्हणाला. पण ढोलीतून पिल्लांचा आवाज आला की तो पुन्हा एकदा आकडे तपासून पाही.

दुपारी एक अस्वल आले. त्याच्या पाठीला खाज सुटली होती. त्याने दोन्ही खोडांवर मनसोक्त पाठ घासली आणि ते आपल्या वाटेने निघून गेले. झाले! दोन्ही संख्यांचा खालचा अर्धा भाग पार पुसला गेला. सुतारपक्ष्याच्या खोडावर एकापासून नवापर्यंतचे आकडे तेवढे उरले.

संध्याकाळी थोरली हत्तीण निवाडा करायला आली. "पुसलेले आकडे सांगा," ती म्हणाली. पोपट अडखळला. "पुढे सात... नाही, तीन... छे, सातच होता बहुतेक!" त्याच्या आकड्यांना ना क्रम ना मेळ, त्याला आठवणार तरी काय?

सुतारपक्षी मात्र जराही थांबला नाही. "माझी संख्या एकेक पायरीने नवापर्यंत चढते आणि तशीच एकापर्यंत उतरते. वरून वाचा की खालून, एकच."

"हे तू आत्ता रचून सांगत नाहीस कशावरून?" हत्तिणीने विचारले.

सुतारपक्ष्याने खोडावरच्या मुंग्यांना हाक मारली. "बायांनो, तुमच्यातली प्रत्येक जण म्हणजे एक 'एक'. नऊ जणींची एक रांग करा, अशा नऊ रांगा. मात्र खालची प्रत्येक रांग वरचीपेक्षा एक जागा डावीकडे सरकलेली हवी." मुंग्या लगबगीने उभ्या राहिल्या. "हा झाला नऊ एकांच्या संख्येचा, म्हणजे १११११११११ चा, तिच्याशीच गुणाकार. माझी संख्या यातूनच घडली. हत्तीणबाई, आता उभ्या ओळी मोजा!"

हत्तीण सोंड फिरवत मोजू लागली. एक, दोन, तीन असे करत ती नवापर्यंत गेली आणि मग आठ, सात, सहा करत पुन्हा एकावर आली.

"कुठेही हातचा घ्यावा लागला नाही," सुतारपक्षी छाती फुगवून म्हणाला. "दहावा एक घेतला असता तर संख्या आणखी मोठी झाली असती, पण मध्येच हातचा येऊन तिचा डौल मोडला असता. म्हणून मी नवावर थांबलो."

हत्तिणीने सोंड उंचावून त्याला मान दिला आणि ती पोपटाचे झाड पाडायला वळली. पोपटाचे डोळे भरून आले. सुतारपक्षी म्हणाला, "रडतोस काय वेड्या? माझ्या झाडाला वरच्या अंगाला जागा आहे. तुला आजच ढोली कोरून देतो." आणि खरोखरच, आपली अर्धी संख्या पुन्हा कोरण्याआधी त्याने पोपटाचे घर कोरायला घेतले. ढोलीतून डोकावणारी पिल्ले आपल्या बापाकडे डोळे भरून पाहत राहिली.

तात्पर्य : नुसत्या मोठेपणाचा तोरा पुसला की संपतो, पण नेटाने घडवलेले काम अर्धे उरले तरी पुन्हा पुरे होते, आणि अशाच कामाचा अभिमान बाळगावा.