घड्याळाखालची पाचर

ही गोष्ट फार जुनी आहे. किती जुनी ते विचारू नका. त्या काळी साऱ्या मुलखात घड्याळं होती ती दोनच, एक राजाच्या महालात आणि दुसरं एका सुताराच्या घरात. राजाला त्याच्या घड्याळाची कधी गरज पडली नाही, कारण राजा उठेल तेव्हा सकाळ आणि राजा जेवेल तेव्हा दुपार. सुताराच्या घरातल्या घड्याळावर मात्र एका बाईचं सगळं आयुष्य चालायचं. गोष्ट त्या बाईची आहे आणि ती आनंदाची नाही, हे आधीच सांगून टाकतो. मुलांनी खुशाल ऐकावी, पण मोठ्यांनी मध्येच उठून जाऊ नये.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावातले सगळे सुतार बैलगाड्यांची चाकं बनवायचे. त्यांच्यात एक सुतार फार हुशार होता. त्याने बसवलेला चाकाचा आरा कधी हलला नाही आणि त्याने लावलेली चौकट कधी कलली नाही. त्याच्या बायकोची दृष्टी लहानपणीच देवी येऊन गेली होती. दिवस आणि रात्र तिला सारखेच काळे.

तिचा बाप राजाच्या महालातलं घड्याळ सांभाळायचा. महालातून टाकून दिलेले जुने भाग जमवून त्याने लेकीसाठी दुसरं घड्याळ तयार केलं होतं. लग्नात लोकांनी मुलींना दागिने दिले असतील, भांडी दिली असतील. याने घड्याळ दिलं. लेकीला सासरी पोचवायला तो स्वतः आला आणि भिंतीतल्या फळीवर त्याने ते घड्याळ ठेवलं. मग मान तिरकी करून तो बराच वेळ ऐकत बसला. शेवटी त्याने कमरेचा चाकू काढला, लाकडाची एक छोटी पाचर तासली आणि घड्याळाच्या डाव्या पायाखाली सरकवली. घड्याळ जरासं कललं. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान आलं.

हे कुणीच पाहिलं नाही. नवरदेव अंगणात पाहुण्यांचे बैल सोडत होता आणि नवरीला तर दिसतच नव्हतं. बापाने तिला एवढंच सांगितलं, "पोरी, हे चालतं तेव्हा दोन पावलं टाकतं. दोन्ही सारखी पडतायत तोवर काळजी करू नकोस. एक पाऊल अडखळायला लागलं, तर समज, की त्याला उभं राहायला त्रास होतोय."

बाप गेला आणि पुढे वारलाही. घड्याळ चालत राहिलं. दर बाजाराच्या दिवशी सुतारीण चाचपडत त्याला चावी द्यायची. टोल्यांवर ती उठायची, चूल पेटवायची, भाकऱ्या थापायची, अंगणात येऊन तुळशीपाशी दिवा लावायची. नवरा कामावरून यायच्या वेळी त्याचं पाणी तापलेलं असायचं. आणि मजा बघा, शेजारच्या डोळस बायका कुंपणावरून त्या आंधळीला हाक मारून विचारायच्या, "वहिनी, किती वाजले हो?" ती टोला मोजून सांगायची. तेव्हा तिची मान जरा ताठ व्हायची. साऱ्या गावात कुणाकडे नसलेली एक गोष्ट तिच्याकडे होती, आणि तिला कुणाला काही विचारावं लागत नव्हतं.

एकदा दूरच्या गावचा एक पाटील आपल्या मुलाच्या लग्नासाठी नव्या गाडीची चाकं सांगायला सुताराच्या घरी आला. ओसरीवर बसून ताक पिता पिता त्याची नजर आत गेली आणि तो खदाखदा हसला.

"काय रे, गावोगावच्या चौकटी सरळ करतोस, आणि तुझ्याच घरात घड्याळ तिरकं?"

बरोबरची माणसंही हसली. सुतार हसला नाही. ते त्याच्या जिव्हारी लागलं. इतकी वर्षं त्या घरात राहून आपल्याला हे दिसलं कसं नाही, याचीच त्याला लाज वाटली.

पाहुणे जाताच त्याने घड्याळ खाली उतरवलं. फळी पुन्हा तासली. पाचर भुशात पडली, ती भुशाबरोबर लोटली गेली. मग त्याने वजन बांधलेल्या दोरीचा ओळंबा सोडला, एक डोळा मिटून पाहिलं आणि घड्याळ असं ठेवलं की कुठलाही कारागीर बोट दाखवणार नाही. लंबकाला धक्का दिला. घड्याळ चालू झालं.

सुतारीण चुलीपाशी होती. तिचा हात पिठात तसाच थांबला.

"अहो, ते लंगडतंय."

"काय लंगडतंय?"

"घड्याळ. एक पाऊल लांब टाकतंय, एक आखूड. तुम्ही हलवलंत का त्याला?"

"हलवलं नाही, सरळ केलं," सुतार म्हणाला. "आजवर तिरकं होतं."

"बाबा म्हणायचे, असं झालं की त्याला उभं राहायला त्रास होतो."

"अगं, ओळंब्यानं उभं केलंय मी त्याला! याहून सरळ उभं कोण करणार आहे?"

ती पुन्हा पीठ मळू लागली. ओळंबा काय असतो हे तिला माहीत होतं, आणि नवऱ्याचा हात किती अचूक आहे हेही. संध्याकाळी दिवेलागणीच्या आत घड्याळ थांबलं.

आता या गावची एक रीत सांगायला हवी, म्हणजे पुढचं कळेल. कुरकुरणारं चाक घेऊन गाडीवान आला, की त्याला हे सुतार बाहेर चिंचेखाली बसवायचे. तो काय सांगतोय ते ऐकायचंच नाही. गाडी कुठे गेली होती, काय आदळलं, कधीपासून आवाज येतोय, काही विचारायचं नाही. माणूस उगाच काहीबाही बडबडतो, लाकूड खरं बोलतं, अशी त्यांची समजूत. चाक पार उकलायचं, एकेक आरा सुटा करायचा, वंगण घालायचं, आणि पुन्हा ठोकून बसवायचं. आजवर त्यांचं काही बिघडलं नव्हतं, म्हणून रीत चालू होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुताराने घड्याळ घरच्या ओसरीवर आणलं. त्याला वाटलं, चावी कमी पडली असेल, म्हणून त्याने ती आणखी फिरवली, पार घट्ट होईपर्यंत. तरी ते चालेना. मग त्याने मागची पाटी काढली आणि आत डोकावला. आत पितळी चाकंच चाकं! त्याला हायसं वाटलं.

"चाकंच आहेत गं," तो आत ओरडला. "चाक म्हटल्यावर मी काय घाबरतो? संध्याकाळपर्यंत बोलतं करतो बघ."

सुतारीण दाराशी येऊन उभी राहिली. "अहो, उघडू नका. ते आतून दुखत नाहीये. तुम्ही फळीवरून काढलंत तेव्हापासून झालंय. आधी होतं तसं ठेवून तरी बघा."

"तुला दिसत नाही, त्याला मी काय करू? आत जाऊन बस, इथं पायाला काही टोचेल."

हे वाक्य तोंडातून गेल्यावर त्यालाही कसंसंच झालं असावं. पण तो थांबला नाही. वाईट बोलून गेल्यावर माणूस उलट जास्तच जोरात कामाला लागतो, तसं झालं.

त्याने एकेक मळसूत्र सोडवलं. कुठलं कुठलं होतं याची खूण ठेवली नाही, कारण चाकाच्या कामात सगळे खिळे सारखेच असतात. सांध्यांना गाडीचं वंगण चोपडलं, ते काळं, जाड, जळक्या गवताची राख घातलेलं. आणि शेवटी, चाकं ज्या दोन पितळी पाट्यांमध्ये अडकवलेली होती, त्यांतली वरची पाटी त्याने उचलली. आत गच्च गुंडाळलेली पोलादी कमान होती. तिच्यात त्याने स्वतःच भरलेला सगळा जोर होता. तो आधी हळूहळू सोडायचा असतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याने कुणाला विचारलं नव्हतं.

एक कर्कश आवाज झाला. पाटी उडाली, सुताराच्या तळहातावर खोल चीर पडली आणि मधल्या चाकाचे दात तुटून ओसरीभर सांडले.

सुतारीण धावत आली. दोन्ही हात पुढे करून ती नवऱ्याला शोधत होती. तिच्या अनवाणी पायाला ते बारीक दात टोचले. ती खाली वाकली, एक दात उचलून तिने बोटांत फिरवला आणि तिला कळायचं ते कळलं. पण ती आधी विचारती झाली ते, "तुम्हाला लागलं का?" हेच.

हाताला चिंधी बांधून सुताराने बरेच दिवस खटपट केली. भाग कसेबसे परत बसवले, वंगण पुसून काढलं. बाभळीच्या लाकडाचं दातेरी चाक कोरून पाहिलं, ते अडकून बसलं, म्हणून पुन्हा मोडकं पितळी चाकच घातलं. ओळंबा लावून घड्याळ फळीवर ठेवलं. ते दोनचार पावलं लंगडलं आणि थांबलं. दात तुटले म्हणूनच चालत नाही, असं समजून त्याने नाद सोडला.

घर गप्प झालं. सुतारीण अवेळी उठू लागली. कधी भाकऱ्या थंडगार होऊन जायच्या, कधी नवरा दारात आला तरी चूल पेटलेली नसायची. भर उन्हात तुळशीपाशी दिवा लावताना शेजारणींनी तिला पाहिलं. त्या हसल्या नाहीत, उलट कळवळल्या, आणि तेच तिला सोसवेना. आता कुंपणापाशी जाऊन तिलाच विचारावं लागायचं, "अहो, सकाळ झाली का? अहो, ऊन कलंडलं का?" शेजारणी सांगायच्या. पण दिवसातून किती वेळा सांगणार? हळूहळू उत्तरं तुटक येऊ लागली. मग सुतारणीने कुंपणाकडे जाणं बंद केलं.

सुताराला हे दिसत होतं. त्याने कार्यशाळेच्या दाराशी चाकाची एक जुनी धाव, म्हणजे चाकाभोवतीची लोखंडी पट्टी, टांगली. सूर्य बघून तो तिच्यावर हातोड्याने टोले द्यायचा, घरापर्यंत ऐकू जावेत म्हणून. ढगाळ दिवशी ते चुकायचे. कामाच्या घाईत राहूनही जायचे. पक्ष्यांच्या आवाजावरून तिला ते समजायचं, पण ती कधी बोलली नाही.

असं करता करता वर्ष सरलं. एके दिवशी वाऱ्याने स्वयंपाकघराचं दार सारखं आपटत होतं. सुतार ते अडकवायला गेला, तर दाराखाली घालायला म्हणून कोपऱ्यात ठेवलेला एक लाकडाचा तुकडा त्याला दिसला. त्याने तो उचलला. पाचर होती, पण त्याच्या हातची नव्हती. चाकूने तासलेली, एका बाजूला अगदी नखाएवढी पातळ.

"ही कुठली गं?"

"ती होय? तुम्ही फळी तासलीत ना, त्या दिवशी भुसा भरताना हाताला लागली. तुमचीच असेल म्हणून ठेवली."

त्या दिवशी फळीवर घड्याळाखेरीज काहीच नव्हतं, हे सुताराला आठवलं. मग तो फळीपाशी गेला. घड्याळाला त्याने थोडीशी चावी दिली. डावा पाय उचलून खाली पाचर सरकवली. घड्याळ कललं, पाटलाने हसावं इतकं. त्याने लंबकाला बोट लावलं.

टक. टक. टक. टक.

दोन्ही पावलं सारखी पडत होती.

"अहो!" सुतारीण ओरडली. तिच्या हातातलं भांडं खाली पडलं. "ऐका, चालायला लागलं! लंगडत नाही हो, मुळीच नाही! बाबांनी ठेवलं होतं तसंच चालतंय!" वर्षभरात ती हसली नव्हती, ती हसली. पदर सावरत ती फळीकडे निघाली.

सुतार डोळे मिटून ऐकत होता. घड्याळाला तेव्हा आतून काही झालंच नव्हतं. त्याला फक्त तिरकं उभं राहायचं होतं. आणि आत ते मोडकं चाक फिरत फिरत तुटलेल्या दातांकडे येत होतं, हे आनंदाच्या भरात ती विसरली होती, तो नाही.

ती फळीपाशी पोचायच्या आत खर्रकन आवाज झाला आणि घड्याळ थांबलं.

सुतारीण हात पुढे करून तशीच उभी राहिली. "चांगलं चाललं होतं की," ती म्हणाली. "काय झालं?"

काय झालं ते सुताराने तिला सांगितलं. पाटलाचं हसणं, पाचर, ओळंबा, सगळं सांगितलं. सांगताना तो रडला. तिने ऐकून घेतलं. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "मी तेव्हाच सांगत होते हो," आणि चाचपडत जाऊन पडलेलं भांडं शोधू लागली.

त्यानंतर सुतार त्या गावातला एकटाच असा सुतार झाला, की जो गाडीवानाला चिंचेखाली न बसवता शेजारी बसवून घ्यायचा आणि त्याचं सगळं बोलणं ऐकून मगच चाकाला हात लावायचा. लोक त्याचं फार कौतुक करायचे. पण ते घड्याळ पुन्हा चालू झालं नाही. ते बनवू शकणारा एकच माणूस होता, आणि तो कधीच गेला होता. सुतारणीनेही पुढे वेळ विचारायची सोडून दिली. कुणी उठवलं की उठायची, कुणी वाढलं की जेवायची. लोखंडी पट्टीवर टोले पडत राहिले, पण ती ते मोजेनाशी झाली.

या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: बिघाड शोधायला आत हात घालण्याआधी आपल्या हाताने काय हलवलं ते आठवावं, आणि त्या वस्तूवर ज्याचं जगणं अवलंबून आहे त्याचं आधी ऐकावं.