वाऱ्यावर निघालेले महाराज

एका राज्यात हेमांगी नावाची तरुण राणी होती. तिचे वडील रत्नकेतू महाराज थकले, तेव्हा त्यांनी मुकुट लेकीच्या डोक्यावर ठेवला आणि आपण बागेत वांगी लावू लागले. एके दिवशी वाफ्यात पाय घसरला, महाराज पडले, गुडघा सुजला. हेमांगीने त्यांचे बागेत जाणे बंद केले.

त्याच दिवशी कराळक नावाचा जादूगार सुताराच्या वेषात दरबारी आला. म्हणाला, "राणीसाहेब, हा सुखपलंग. यावर निजावे; पाय हलवायला नको, हात उचलायला नको. घास आपणहून तोंडात येतो."

"मोल काय?"

"मोल नको. राज्यातल्या सगळ्या वृद्धांना एकेक देतो."

राणी हरखली. गाड्या भरभरून पलंग गावोगाव गेले. तिने स्वतः वडिलांना उचलून पलंगावर निजवले.

मग काय झाले? महाराजांची सावली फिकी पडली. उशीवर डोक्याचा खळगा पडेना. आणि एके सकाळी महाराज पलंगावरून उठले ते चालत नव्हे, तरंगत! वर वर गेले आणि छताला टेकले.

"आबामहाराज!" हेमांगीने मंचकावर चढून त्यांचा पाय धरला, कमरेचा शेला सोडला, त्यांच्या कमरेला बांधला. तोवर गावोगावचे लोक धावत आले. कोणाचे आजोबा आढ्याला लागले होते, कोणाची आजी लोकांनी खांबाला बांधून ठेवली होती.

खिडकीत एक टिटवी बसली होती. ती बोलली, "राणी, कराळकाने वृद्धांचे वजन चोरले. काळ्या डोंगराच्या गुहेत त्याचे दगड करून ठेवले आहेत. आज सूर्य मावळला की सगळे बंध तुटतील आणि सगळे वृद्ध ढगांपार जातील."

"उपाय सांग."

"तीन कामे. तिन्ही तुझ्या वडिलांनी करायची. तू हात द्यावास, काम आपल्या अंगावर घेऊ नयेस."

राणी निघाली. पुढे टिटवी, मागे राणी आणि तिच्या डोक्यावर शेल्याला बांधलेले महाराज, पतंगासारखे! वारा आला की राणी दोन हातांनी शेला ओढी. वरून महाराज ओरडत, "पोरी, नदी दिसते! अगं, आपल्या गायी दिसतात!" कैक दिवसांत ते असे बोलले नव्हते.

काळ्या डोंगराला पायऱ्या होत्या. पहिले काम, त्या चढणे. राणीने वडिलांना खाली ओढले, पाठुंगळी घेतले आणि धावत सुटली. पण ती जितकी चढे, तितक्या नव्या पायऱ्या वर उगवत.

"खाली ठेव मला," महाराज म्हणाले.

"गुडघा दुखेल, आबामहाराज."

"दुखेल. हात तेवढा दे."

तिने हात दिला. महाराजांनी पायरीला पाऊल टेकवले. गुडघा करकरला, श्वास फुलला, मधे दोनदा बसले. पण नवी पायरी उगवली नाही. ते वर पोचले, तेव्हा पायाशी त्यांची सावली पडली होती, काळीभोर! वजन मात्र अजून गुहेतच होते, म्हणून राणीने शेला सोडला नाही.

तिथे एक राक्षसी चुलीपाशी बसली होती. "माझ्या दारातून जाईल त्याने आपल्या हाताने भाकरी थापावी आणि चावून खावी," ती म्हणाली. हेच दुसरे काम. महाराजांच्या हातून पीठ सांडले. राणीचा हात पुढे झाला. त्याच क्षणी पिठाची वाळू झाली. तिने हात मागे घेतला, वाळूचे पुन्हा पीठ झाले. महाराजांनी भाकरी थापली. ती वाकडी झाली, एका बाजूने करपली.

"आता खा," राक्षसी म्हणाली.

महाराजांनी घास चावला. थांबले. डोळे मोठे झाले. "मीठ कमी आहे!" ते आनंदाने ओरडले. पलंगावर त्यांना मीठ कळत नव्हते, गोड कळत नव्हते. राक्षसीने हसून मीठ दिले आणि दार उघडले.

आत गुहा. दगडांच्या राशी चकाकत होत्या आणि मधोमध कराळक, चोरलेल्या वजनाने टेकडीएवढा फुगलेला. गुहेच्या छताला भोक होते, त्यातून मावळतीचे आकाश दिसत होते.

"तिसरे काम ऐका," तो गरजला. "ज्याचे नाव घ्याल त्याचा दगड सुटेल. स्वतःचे नाव स्वतः घेऊन चालणार नाही. राणी, तूच सांग. पलंग कोणाकोणाला वाटलेस?"

गाड्या हेमांगीने धाडल्या होत्या; नाव एकाचेही ठाऊक नव्हते. तिची मान खाली गेली.

तेवढ्यात कराळकाने फुंकर मारली. शेला तटकन तुटला! महाराज वर उडाले, थेट छताच्या भोकाकडे.

पण त्यांनी हाक मारली. "वाळंबे गावची चिमाबाई! घाटावरचा नावाडी तुकोजी! पखवाजवाला भिवबा! ढोलीगावची सुईण साऊ!" नावामागून नाव, गावामागून गाव. ज्यांच्याबरोबर उभे आयुष्य काढले, त्यांची नावे कशी विसरावीत? दगड गडगडत सुटले, दाराबाहेर धावले. कराळक लहान होत गेला. गावोगाव म्हातारी माणसे धप्प धप्प जमिनीवर आली.

अखेर एकच दगड उरला. महाराजांचे डोके भोकाबाहेर गेले होते. सूर्याची कड बुडत होती.

बापाचे नाव लेकीने कसे घ्यावे? हेमांगीने आजवर कधी घेतले नव्हते. तिने छाती भरून श्वास घेतला.

"रत्नकेतू!"

शेवटचा दगड फुटला. महाराज वरून कोसळले ते लेकीच्या अंगावर, आणि दोघेही धुळीत लोळले.

"किती जड हो तुम्ही, आबा!" राणी रडत रडत हसली.

कराळकाकडे आता गुंजभरही वजन नव्हते. वाऱ्याची झुळूक आली आणि तो भोकातून उडून गेला, तो आजतागायत खाली उतरलेला नाही.

राणीने सुखपलंग फोडले. त्या लाकडाच्या काठ्या केल्या, ओसरीच्या पायऱ्यांना कठडे केले आणि ज्याला खरोखरच उठवत नव्हते त्याच्या उशाशी माणूस नेमले, गप्पा मारणारे. मग ती स्वतः गावोगाव निघाली. पहिल्याच दारी चिमाबाई अंगण झाडत होती. राणी खराट्याला हात लावणार, तोच म्हातारीने तो मागे ओढला.

"बसा राणीसाहेब," ती म्हणाली, "एवढे झाडून झाले की चहा टाकते."

राणी ओट्यावर बसली. चिमाबाई झाडत राहिली. त्या राज्यात सगळे ठीक झाले. ऐकणाऱ्यांच्या घरीही होवो.