आडाची खोली

"ते सगळं ठीक आहे, सर. पण मी घेऊ काय? स्ट्रक्चर, पाणी की माती?"

विराज डोईफोडेने तिसऱ्यांदा विचारले. गिरीबाबा शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

हे गिरीबाबा एके काळी इंजिनियरिंगच्या पोरांना माती शिकवत. मातीवर इमारत कशी उभी राहते आणि कशी खचते, ते. एकदा परीक्षा चालू असताना ते वर्गातल्या खुर्चीवरून उठले आणि चालू लागले, ते डोंगरावरच्या या गोसाव्यांच्या मठात येऊन थांबले. का, ते त्यांनी कुणाला सांगितले नाही.

विराज सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला. दोन विषय मानेवर बसलेले, पण मान ताठ. शेवटच्या वर्षासाठी स्पेशलायझेशन निवडायचे होते, तेही आज संध्याकाळी सहाच्या आत, मोबाइलवर. एकदा निवडले की बदल नाही. आणि बापाने बजावले होते, आणखी एक विषय राहिला तर कॉलेज बास, गुपचूप वीटभट्टीवर यायचं.

"सॉइल मेकॅनिक्स दोनदा का राहिला?" बाबांनी विचारले.

"पेपर काढणाऱ्याची चूक, सर. सिलॅबसबाहेरचं टाकतात."

"आणि गणित?"

"तपासणाऱ्याची."

"म्हणजे तू तेवढा धुतल्या तांदळासारखा."

"प्रॅक्टिकलला पंचवीसपैकी चोवीस आहेत, सर."

"एक कुठं गेला?"

"अक्षरात."

बाबा हसले. टरफले झटकून उठले.

"चल. मग प्रॅक्टिकलच घेऊ."

मठामागे आड होता. अरुंद, गोल, काळ्या दगडात बांधलेला. रहाट नव्हता, दोर नव्हता. भर उन्हाळ्यात आतून थंडी येत होती, तळघराचे दार उघडल्यासारखी. आजूबाजूच्या लिंबांवर पाखरे होती. काठावर एकही नव्हते.

विराज वाकला. आत काळोख. त्याने गंमत म्हणून हाक मारली. "ओ!"

हाक गेली. परत आली नाही.

"खोली सांग," बाबा म्हणाले.

विराजला हायसे वाटले. हे अकरावीचे गणित. त्याने मूठभर दगड वेचले, मोबाइलवर स्टॉपवॉच लावले, एक दगड सोडला.

थांबला.

काहीच आले नाही. छपाक नाही, ठक्क नाही. दगड जणू कुणी अलगद हातात झेलला होता.

त्याच्या मानेवर काटा आला. बाबा बघत होते… आणि त्याच्या अंगठ्याने आपोआप बटण दाबले.

"तीन सेकंद. चव्वेचाळीस मीटर."

"पुन्हा."

दुसरा दगड. तीच शांतता.

"दोन पूर्णांक नऊ."

"पुन्हा."

"तीन पूर्णांक एक."

ही विद्या त्याला कुणी फळ्यावर शिकवली नव्हती. पहिल्या वर्षी वरच्या वर्गातल्या पोरांनी शिकवली: उत्तर आधी घ्यायचे, रीडिंग मागून पाडायचे, आणि तिन्ही रीडिंग सारखी ठेवायची नाहीत, मास्तरला संशय येतो. मास्तरला संशय येत नाही, कारण मास्तरही असाच पास झालेला असतो. अशी पोरे पुढे पूल बांधतात. पूल कोसळला की चौकशी समिती बसते, आणि तीही उत्तर आधी घेते.

"सरासरी तीन," विराज म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

"आवाज वर यायला लागणारा वेळ?"

"नगण्य धरलाय, सर."

"असं." बाबा काठाशी आले. "कशावर पडला? दगडावर की पाण्यावर?"

"पाण्यावर."

"नक्की?"

"स्पष्ट ऐकू आलं ना, सर. तिन्ही वेळेला."

बाबा त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी खांद्यावरची छाटी कमरेला गुंडाळली, गुडघे टेकले आणि त्या विशीतल्या पोराच्या पायांवर डोके ठेवले.

विराज विंचू चावल्यासारखा मागे सरला.

"सर! अहो, काय करताय!"

"माझ्या गुरूंनी सांगून ठेवलंय," बाबा जमिनीकडे पाहतच म्हणाले. "या आडाचा आवाज ज्याला टाकल्या टाकल्या ऐकू येईल, त्याचे पाय धर. म्हातारा झालो वाट बघून… बरं झालं आलात, महाराज."

चेष्टा असावी म्हणून विराजने त्यांचा चेहरा शोधला. चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. डोळे ओले होते.

"उठा ना, सर."

"आशीर्वाद द्या."

"सर, उठा!" त्याने त्यांचे खांदे धरले. "नाही ऐकलं मी. काही नाही ऐकलं. एकदासुद्धा नाही."

बाबा उठले. गुडघ्यांची माती झटकली. ना राग, ना हसू.

"आणि कॉलेजात?"

विराजने आडात पाहिले.

"तिथं कधी टाकलाच नाही, सर… दगड."

"एक उरलाय हातात," बाबा म्हणाले.

विराजने मूठ उघडली. खरेच एक उरला होता. त्याने तो आडावर धरला आणि सोडला. या वेळी त्याने बटणाला हात लावला नाही. काठावर पोट टेकून, कान आत लावून तो पडून राहिला.

दगडाची थंडी छातीत शिरली. मठाच्या मागच्या दाराशी सावली एका पायरीवरून दुसरीवर उतरली. लिंबांवरची पाखरे एकाएकी गप्प झाली, सगळी एकदम. खिशात मोबाइल थरथरला. बाप असणार. पावणेसहा झाले असणार. थरथर थांबली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली. त्याने हात खिशाकडे नेला नाही. खालच्या त्या काळोखात कुणीतरी आपल्यासारखेच कान वर करून पडले आहे, असे त्याला वाटू लागले… आणि नवल म्हणजे, त्याची भीती वाटेना.

ऊन मठाच्या भिंतीवरून गेले.

आणि तेव्हा, फार खालून, आवाज आला.

छपाक.

एकच. स्पष्ट. मागोमाग ओल्या मातीचा वास वर आला.

विराज ताडकन उठला. गालावरून पाणी वाहत होते, त्याचे त्याला भान नव्हते.

"पडला! सर, ऐकलंत? माझा दगड पडला!"

बाबा डोळे मिटून, मान कलती करून ऐकत होते. आवाज पुरता विरेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"तुझा नव्हे तो," ते हलकेच म्हणाले. "तुझ्या वयाचा असताना, कोणती शाखा घेऊ म्हणून मी इथं विचारायला आलो होतो… तेव्हाचा माझा आहे."