इवलीच्या गोधडीची चौकडीची पाकळी

एक होती उंदरीण. तिचं नाव इवली. नावासारखीच ती इवलीशी होती. शेपटी मात्र लांबच लांब. इतकी लांब, की कधी कधी इवली आपल्याच शेपटीला अडखळायची.

इवलीला एक बाळ होतं. त्याचं नाव पिटू. पिटूच्या अंगावर अजून केस आले नव्हते. नुसतं गुलाबी गुलाबी अंग. आणि बाहेर ही थंडी. पिटू कुडकुडायचा. कुडकुड, कुडकुड, कुडकुड.

इवलीने ठरवलं, पिटूला गोधडी शिवायची.

इवलीचं घर होतं दुर्पदाकाकूंच्या शिलाई मशीनखाली. काकू वर कपडे शिवायच्या. खटखट, खटखट. चिंध्या खाली पडायच्या. भुरभुर, भुरभुर. उंदीर दिसला की लोक झाडू घेऊन धावतात. काकू धावायच्या नाहीत. उलट म्हणायच्या, घे गं बाई, तुझ्याच आहेत त्या चिंध्या.

मग काय. दात झाले कात्री. काटा झाला सुई. कुर्रम कुर्रम, इवलीने पाकळ्या कापल्या. एक पाकळी साधी, एक पाकळी चौकडीची. साधी, चौकडीची. साधी, चौकडीची. सगळ्या गोल गोल मांडल्या. ताटलीएवढं फूल झालं. फुलाच्या मधोमध बसवायला एक लाल गोल केला. तो चांगला जाड केला, तीन पदरी. पिटूचं पोट नेमकं तिथेच येणार होतं ना. पोटाला थंडी लागली की बाळ रडतं.

इवलीच्या घरची एक रीत होती. शेवटचा टाका घालायच्या आधी गोधडीच्या पोटात जोंधळ्याचा एक दाणा ठेवायचा. गोधडी उपाशी राहिली, तर ती ऊब कुठून देणार? इवलीने दाणाही जपून ठेवला. भूक लागली तरी खाल्ला नाही. उंदराला हे किती कठीण, ते उंदरालाच माहीत.

मधला गोल बसवायच्या आधी आता फक्त एक पाकळी लावायची राहिली. निळ्या चौकडीची.

तेवढ्यात दारातून वारा आला. सुंssss! पाकळी उडाली. भिरभिर, भिरभिर. दारातून गेली. रस्त्यावरून गेली. शेतात गेली आणि बोरीच्या काट्यांत जाऊन अडकली.

इवलीने पिटूला चिंध्यांत गुंडाळलं. लाल गोलात दाणा ठेवला. काटा-दोराही त्यातच खोचला आणि गोल पोटाशी बांधला. नाहीतर वारा तोही न्यायचा. आणि इवली निघाली.

तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु.

बोर उंच होती. काटेच काटे होते. इवली खाली उभी राहिली आणि म्हणाली,

"बोरीबाई, बोरीबाई, पाकळी दे ना.
पाकळी नाही, गोधडी पुरी होईना.
गोधडी नाही, पिटूची थंडी जाईना."

बोर म्हणाली, "माझी बोरं बघ कशी सुकलीत. फांदी हलवायलाही जीव नाही. पाणी आण, मग पाकळी देईन."

इवली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु. गेली पाटाकडे. पाट म्हणजे शेताला पाणी नेणारी छोटीशी वाट. पण आज पाट कोरडा. इवली म्हणाली,

"पाटदादा, पाटदादा, पाणी दे ना.
पाणी नाही, बोर पाकळी देईना.
पाकळी नाही, गोधडी पुरी होईना.
गोधडी नाही, पिटूची थंडी जाईना."

पाट म्हणाला, "पाणी आहे गं. पण तो बघ, मधे दगड बसलाय. म्हशीला सांग, दगड ढकलून वाट दे. मग पाणी देईन."

इवलीनेच आधी दगड ढकलून पाहिला. हुश्श, हुश्श. दगड हलला नाही. इवलीच मागे सरकली. मग इवली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु. गेली म्हशीकडे. म्हैस झाली होती म्हातारी. सगळे तिला म्हैसआजी म्हणायचे. इवली म्हणाली,

"म्हैसआजी, म्हैसआजी, वाट दे ना.
वाट नाही, पाट पाणी देईना.
पाणी नाही, बोर पाकळी देईना.
पाकळी नाही, गोधडी पुरी होईना.
गोधडी नाही, पिटूची थंडी जाईना."

म्हैसआजी म्हणाली, "ढकलीन गं बाळे. पण पोटात काही नाही. दात गेले झिजून. उभं गवत तुटत नाही. कापलेलं गवत दे, मग वाट देईन."

इवलीला वाटलं, हे तर सोपं. तिने दातांनी गवताची एक काडी कापली. कुर्रम. म्हैसआजीने खाल्ली आणि विचारलं, "आणली का गं काडी?" तिला कळलंच नव्हतं खाल्लेलं.

मग इवली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु. गेली विळ्याकडे. विळा बांधावर पडला होता, गंजलेला. इवली म्हणाली,

"विळेदादा, विळेदादा, गवत दे ना.
गवत नाही, म्हैस वाट देईना.
वाट नाही, पाट पाणी देईना.
पाणी नाही, बोर पाकळी देईना.
पाकळी नाही, गोधडी पुरी होईना.
गोधडी नाही, पिटूची थंडी जाईना."

विळा म्हणाला, "मी बोथट झालोय. माझ्याने लोणीसुद्धा कापवत नाही. लोहाराला सांग, मला धार दे. मग गवत देईन."

इवली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. पाय दुखायला लागले. पोटाशी दाणा होता, पोटात भूक होती. तरी दाणा खाल्ला नाही. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली लोहाराकडे. लोहाराचं नाव सोपानदादा. डोक्याला लाल फेटा, मिशीला काजळी. इवली म्हणाली,

"सोपानदादा, सोपानदादा, धार दे ना.
धार नाही, विळा गवत देईना.
गवत नाही, म्हैस वाट देईना.
वाट नाही, पाट पाणी देईना.
पाणी नाही, बोर पाकळी देईना.
पाकळी नाही, गोधडी पुरी होईना.
गोधडी नाही, पिटूची थंडी जाईना."

सोपानदादाने कपाळाला हात लावला. "आगं इवले, माझा भाताच फाटलाय बघ. वारा धरत न्हाई. वारा न्हाई तर आग न्हाई, आग न्हाई तर धार कशी द्यायची? कुणी ठिगळ लावून दे. मग देतो धार."

त्याने भाता दाबून दाखवला. फुस्स. सगळा वारा भोकातून निघून गेला.

ठिगळ. इवलीला ठिगळ लावता येत होतं. काटा होता. दोरा होता. कापड कुठे होतं?

कापड होतं पोटाशी. लाल गोल. जाड, तीन पदरी.

इवली गोलाकडे बघत राहिली. पिटूच्या पोटाचा गोल होता तो. तो दिला, तर फुलाला भोक राहणार. नाही दिला, तर पाकळी नाही मिळणार. इवलीचे डोळे भरून आले. तिने दाणा काढून गालात ठेवला. गोल सोडला. भात्यावर ठेवला आणि टाके घातले. टुकटुक, टुकटुक, टुकटुक.

सोपानदादाने भाता दाबला. फुस्स झालं नाही.

भस्स! भाता फुगला.
धगधग! आग पेटली.
सोपानदादाने बांधावरून विळा आणला. ठणठण! विळ्याला धार लागली.
सपासप! विळ्याने गवत कापलं.
कचाकच! म्हैसआजीने गवत खाल्लं.
धडाम! म्हैसआजीने दगड ढकलला.
खळखळ! पाटाला पाणी आलं.
गटागट! बोर पाणी प्यायली.

आणि बोरीने फांदी हलवली. भिरभिर, भिरभिर, निळ्या चौकडीची पाकळी खाली आली. नेमकी इवलीच्या नाकावर.

इवलीने पाकळी उचलली. बोरीला म्हणाली, बरं झालं गं बाई, तू जपून ठेवलीस. आणि घराकडे पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु.

पिटू वाट बघत होता. कुडकुड, कुडकुड. इवलीने पाकळी शिवली. साधी, चौकडीची. साधी, चौकडीची. सगळं फूल झालं. पण मधोमध भोक. इवलीने गोधडी पिटूवर घातली. पिटूने भोकातून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाला, "आई, पोटाला वारा लागतो."

इवली स्वतःच त्या भोकावर बसली. अंगाचा गोल केला. शेपटी भोवती गुंडाळली. पोटाचा वारा थांबला. पण आई अशी किती वेळ बसणार? तिला दाणा आणायला जायचं असतं, पाणी आणायला जायचं असतं.

दारावर वाजलं. ठक ठक.

दुर्पदाकाकूंनी दार उघडलं. दारात सोपानदादा. एवढा मोठा लोहार, पण गुडघे टेकून मशीनखाली वाकला. डोक्यावरचा फेटा जरा आखूड झाला होता.

"इवले," तो म्हणाला, "भाता दाबताना तुझा गोल सारखा डोळ्यांसमोर येत व्हता. एवढा गोल, एवढा जाड, असा उगाच कुणी पोटाशी बांधून फिरत न्हाई. तो तुझ्या लेकराचा व्हता ना?"

इवलीने मान हलवली. हो.

सोपानदादाने मूठ उघडली. मुठीत फेट्याचा लाल तुकडा होता. मऊ मऊ. थोडा धुराचा वास येत होता. काकूंनी तो गोल कापून दिला आणि पदरावर पदर ठेवून तीन पदरी केला.

इवली शिवायला बसली. गालातला दाणा काढला. एवढा वेळ सांभाळलेला तो दाणा तिने गोधडीच्या पोटात ठेवला. वर लाल गोल बसवला. आणि एकेक टाका घालत ती पिटूला सांगायला लागली,

"हा टाका सोपानदादाचा. त्याने धार दिली.
हा टाका विळेदादाचा. त्याने गवत दिलं.
हा टाका म्हैसआजीचा. तिने वाट दिली.
हा टाका पाटदादाचा. त्याने पाणी दिलं.
हा टाका बोरीबाईचा. तिने पाकळी दिली.
आणि हा टाका काकूंचा. त्यांनी सगळ्यांच्या आधी चिंध्या दिल्या."

पिटूने विचारलं, "आणि तुझा टाका कुठला?"

इवली विचारात पडली. तिला आपला टाका सापडेना.

काकू हसल्या. म्हणाल्या, "बाळा, तो दोरा दिसतोय ना सगळीकडून गेलेला? ती तुझी आई."

पिटूने दोऱ्यावर हात फिरवला. इकडून तिकडे. तिकडून इकडे. मग गोधडी नाकापर्यंत ओढून घेतली. पोटावर लाल गोल आला. पिटूचं कुडकुडणं थांबलं. गुलाबी पोट गरम झालं.

पाकळी मिळाली, गोधडी पुरी झाली.
गोधडी पुरी झाली, पिटूची थंडी गेली.

इवलीने दोरा तोडला. कुर्रम. गोष्टीची गोधडी झाली, आता तुम्हीही पांघरून घ्या.