नाव टाकायचं मशीन

एका पेठेत एक म्हातारा कॉम्प्युटर दुरुस्त करत असे. लोक त्याला मास्तर म्हणत. ज्ञानी होता, पण गोड बोलणं त्याला कधी जमलं नाही आणि त्याने ते मनावरही घेतलं नाही. त्याच्या हाताखाली एक शिष्य शिकत होता. हुशार, कष्टाळू, आणि बहुतेक हुशार माणसांसारखा उतावळा.

त्याच पेठेत भांड्यांचा एक व्यापारी होता. लग्नाची भांडी घ्यायची तर त्याच्याकडूनच. पूर्वी त्याच्या दुकानात एक कारागीर मांडी घालून बसायचा आणि छिन्नी-हातोडीने ठकठक करत ताटवाट्यांवर नावं टाकायचा. त्याचे डोळे गेले तसं व्यापाऱ्याने मशीन आणलं. कॉम्प्युटरवर नाव लिहायचं, यूएसबीच्या तारेतून ते मशीनकडे जायचं, आणि मशीनची सुई थरथरत भांड्यावर अक्षरं उमटवायची. काम सुबक, कटकट नाही.

एके दिवशी मशीन अडलं. तार लावली की पडद्यावर पाटी यायची, 'हे उपकरण ओळखता आले नाही.' काल ज्याच्याकडून दिवसभर काम करून घेतलं, त्यालाच आज म्हणे ओळखत नाही. माणसंही असंच करतात, पण तो विषय निराळा.

नेमकी त्या दिवशी दुकानात एक बाई येऊन बसली होती. मुलीचं लग्न दुसऱ्या दिवशी, निनाद नावाच्या मुलाशी. संध्याकाळी टेम्पो भांडी घेऊन थेट सासरच्या गावी निघणार होता.

"शेठ, काय वाटेल ते करा, पण नाव पडल्याशिवाय माझी भांडी पाठवू नका," ती म्हणाली. "पोरीचं नाव चंद्रकला. तिच्या आजीचं. सासरच्यांना जुनाट वाटतं. लग्नात बदलून शर्वरी ठेवणार आहेत. ठेवू देत बापडे. भांड्यांवर तरी माझ्या पोरीचं नाव राहील. एकदा टेम्पो गेला की तिकडे कोण टाकणार आहे जुनं नाव?"

व्यापाऱ्याने शिष्याला बोलावलं. शिष्याने तार बदलली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मशीनचा प्रोग्राम काढून पुन्हा टाकला. तार काढायची, घालायची, काढायची, फुंकर मारून परत घालायची, असं सगळी सकाळ चाललं. पाटी काही हलेना. शेवटी घाम पुसून त्याने निकाल दिला.

"शेठ, मशीन मेलं. दिवा लागतोय, म्हणजे वीज आहे. वीज असून ओळख पटत नाही, म्हणजे आतलं कार्ड गेलं. नवीन मागवावं लागेल."

व्यापारी बाईकडे वळला. "काकू, माझा इलाज नाही. नावाशिवायच न्या."

बाईने एक ताट उचललं, उलटसुलट करून पाहिलं. मग हळूच विचारलं, "खिळ्याने ओरखडून लिहिता येईल का हो?"

हे ऐकून शिष्याला तिथे उभं राहवेना. त्याने मास्तरला फोन केला.

म्हातारा आला तो कुरकुरतच. "मेलं म्हणतोस ना? मग मला कशाला बोलावलंस? खांदेकरी बोलवायचे."

त्याने पडद्याकडे पाहिलं नाही. मशीनला हात लावला नाही. गुडघे धरून गल्ल्याच्या टेबलाखाली वाकला आणि मशीनची तार चिमटीत धरून ती कुठे जाते ते बघत गेला. तार एका छोट्या डबीत जात होती. डबीला पुष्कळ भोकं, आणि एकही मोकळं नाही. व्यापाऱ्याचा मोबाईल, त्याच्या मुलाचा मोबाईल, टेबलावरचा छोटा पंखा, लक्ष्मीच्या तसबिरीवरची दिव्यांची माळ, आणि मान शेकायची एक उशी. त्या सगळ्या गोतावळ्यात शेवटच्या भोकात मशीनची तार. आणि डबीची स्वतःची एकच तार कॉम्प्युटरला.

"हे सगळं काढा," म्हातारा म्हणाला.

"मशीन बिघडलंय मास्तर, पंखा नाही," व्यापारी म्हणाला.

"काढा म्हटलं ना."

"बरं, मोबाईल काढतो. पण पंखा राहू द्या, जीव जातोय उकाड्याने."

"पंखा पण."

"आणि लक्ष्मीची माळ? भर दुकानात लक्ष्मी अंधारात ठेवू?"

"शेठ, लक्ष्मी तुमच्या माळेच्या उजेडात वाट शोधत येते होय? काढा. आणि ती उशी कुणाची?"

"माझी," व्यापारी खालच्या आवाजात म्हणाला. "आजच आणली. मान धरते."

"धरणारच. सारखी नाही नाही म्हणून हलवता."

बाईला एवढ्या चिंतेतही हसू आलं. शिष्य मात्र गोंधळला. मशीन अडलंय आणि मास्तर पंखे काय उपटतोय?

म्हाताऱ्याने मशीनची तारही डबीतून काढली. कॉम्प्युटरची पेटी पुढे ओढून ती तार मागच्या बाजूला थेट पेटीतच घातली. शिष्याचा हात सवयीने पुढे गेला, तसा त्याने तो हात धरून खाली ठेवला. "आता हात लावायचा नाही. बसून राहायचं."

सगळे बसून राहिले. मग कॉम्प्युटरमधून टुंग असा आवाज आला. पाटी गेली. मशीनच्या सुईने अंग झटकल्यासारखी एक थरथर केली आणि ती जागेवर येऊन उभी राहिली.

"झालं?" बाईने विचारलं.

"झालं," व्यापारी म्हणाला आणि त्याने असा श्वास सोडला की टेबलावरच्या पावत्या हलल्या.

शिष्य खाली मान घालून म्हणाला, "मास्तर, पण दिवा तर लागत होता."

तेव्हा म्हातारा म्हणाला, "दिवा मशीनच्या स्वतःच्या विजेवर लागतो. पण आपलं नाव सांगायला जी वीज लागते, ती त्याला ह्या तारेतूनच मिळते. तार लावली की कॉम्प्युटर पहिला प्रश्न करतो, तू कोण? इथे त्याच्या वाटणीचा घास पंख्याने आणि उशीने खाल्लेला. उत्तर तोंडात यायच्या आत दम तुटायचा. कॉम्प्युटर खोटं बोलला नाही, तो एवढंच म्हणाला की मला ओळखता आलं नाही. मेलं, हे तू ठरवलंस. अरे, ज्याच्याकडून उत्तर येत नाही, त्याच्याकडे उत्तरच नाही असं समजू नये. आधी त्याच्या भोवतीचा पसारा उचलावा. मग विचारावं. आणि विचारून झाल्यावर थांबावं. तू सकाळपासून विचारतोच आहेस लेका. थांबलास कधी?"



व्यापाऱ्याला आता हुरूप आला. "हं काकू, सांगा. चंद्रकला ना? कुठे टाकू?"

"तळाला टाका," बाई म्हणाली. "पालथं घातल्याशिवाय दिसायला नको. उगाच त्यांच्या डोळ्यात खुपायला नको."

"शहाण्या आहात. तळालाच टाकतो."

"काकू," शिष्य मध्येच म्हणाला, "चंद्रकलाताईंना विचारलंय का?"

"काय विचारायचं?"

"हेच. नावाचं."

"बैठकीत विचारलं की सगळ्यांसमोर. नाव बदललेलं चालेल ना, म्हणाले. तिने मान हलवली. ती बोलतेय कसली!"

"बैठकीला किती माणसं होती?"

"घर भरलं होतं." एवढं बोलून बाई थांबली. तिने शिष्याकडे पाहिलं, मग हातातल्या ताटाकडे.

"अहो, टेम्पो यायची वेळ झाली," व्यापारी म्हणाला.

"शेठ, गप बसा," म्हातारा म्हणाला.

बाईने फोन लावला. पलीकडे लग्नघराचा कालवा होता. कुणी हळद मागत होतं, कुणी कुणावर ओरडत होतं. "बाळ, मागच्या दारी ये बरं. एकटी ये. दार लावून घे." कालवा कमी कमी होत गेला. "तुझं नाव भांड्यांच्या तळाला टाकतेय. चालेल ना..." बाई अडखळली. तिने शब्द गिळला आणि पुन्हा म्हणाली, "तुला काय हवंय?"

फोनमधून काहीच आवाज येईना. व्यापाऱ्याने तोंड उघडलं. म्हाताऱ्याने बोट वर केलं. बाई थांबली. शिष्यही थांबला.

मग पोरीचा आवाज आला, आणि सगळ्या दुकानाला ऐकू आला. "आई, तळाला नको. काठावर टाक. दिसेल असं. आणि निनादला मी आताच फोन करून सांगते, मला ह्याच नावाने हाक मार."

बाईने फोन ठेवला. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. "मला कधी म्हणाली नाही हो," ती म्हणाली. मग व्यापाऱ्याला म्हणाली, "ऐकलंत ना शेठ? काठावर."

शिष्याने पहिलं ताट मशीनखाली सरकवलं. सुई थरथरू लागली. एवढ्यात बाहेर टेम्पोवाल्याने भोंगा वाजवला, दोनदा वाजवला. म्हातारा दारात गेला आणि खेकसला, "थांब रे जरा. नाव उमटतंय."